बहिणीचा फोन मी चकचकीत केला

माझी धाकटी बहीण कपडे शिवते आणि हातांनी बोलते. चार वर्षांची असताना तापात तिचे कान गेले आणि कानांच्या मागोमाग शब्दही गेले. बोलणं मात्र गेलं नाही. ते बोटांत येऊन बसलं. मग आमचं सगळं घरच बोटांनी बोलायला शिकलं, पोरं विहिरीत पोहायला शिकतात तसं. आधी गटांगळ्या, मग हात मारणं. तिच्याशी भांडायचं तर हातातलं काम खाली ठेवावं लागतं. माझ्या हातात कायम कुणाचं तरी घड्याळ असल्यामुळे आमचं फारसं भांडण होत नाही.

शिलाई मशीनचा आवाज तिला येत नाही, पण टेबलावर तळहात ठेवून ती सांगते की सुई बोथट झाली आहे. नवरा गेल्यावर ह्याच मशीनवर तिने मुलगी वाढवली. ती मुलगी, म्हणजे माझी भाची, आता दूर शहरात नोकरी करते. रोज संध्याकाळी मशीनवर झाकण पडलं की बहीण फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून उभा करते, आणि मायलेकी तासभर हातवारे करत बसतात. मी कितीदा तरी दारातून पाहिलं आहे. एवढ्या गप्पा आणि खोलीत चिटपाखराचाही आवाज नाही. दिवसभर तो फोन तिच्या एप्रनच्या खिशात असतो, खडू, टाचण्या आणि लहान कात्रीच्या शेजारी.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो. थोडं म्हणजे मला सांगावंसं वाटतं तितकंच. मी अडतीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतो आहे. शाळा चौथीत सोडली. घड्याळाचं काम कुणी शिकवलं नाही, उघडून उघडून शिकलो. माझं खास कसब म्हणजे काच. नांगराच्या तासासारखे ओरखडे पडलेली घड्याळाची काच मी अशी करून देतो की माणूस आधी वेळ पाहत नाही, स्वतःचा चेहरा पाहतो. ही गोष्ट मी आजवर बऱ्याच लोकांना सांगितली आहे. काहींना दोनदा.

तर एका शुक्रवारी दुपारी बहीण माझ्या दुकानात आली आणि फोन समोर ठेवला.

"मुलगी म्हणते, माझे हात तिला धुरकट दिसतात," ती म्हणाली. "वरच्या बाजूला, कॅमेऱ्यापाशी ओरखडे पडलेत. समोरच्या मोबाईलवाल्याकडे चालले होते, म्हणून आधी इथे डोकावले."

"मोबाईलवाला?" मी घड्याळ खाली ठेवलं. "काच फुटली की नवी चिकटवायची, ह्याला काय कारागिरी म्हणतात? ओरखडा काढायचा तर माझ्याकडे ठेव."

"दादा, रविवारी चार वाजता त्यांचा फोन आहे."

त्यांचा म्हणजे कुणाचा, ते मला ठाऊक होतं. भाचीने तिच्याच ऑफिसातला एक मुलगा पसंत केला होता. मुलाचे आईवडील रविवारी पहिल्यांदा माझ्या बहिणीला फोनवर भेटणार होते. मुलाच्या आईच्या मनात किंतू होता. ती भाचीला म्हणाली होती, की तुझ्या आईशी आम्ही बोलायचं कसं, त्या नुसती मान हलवत बसणार. भाचीने हे आईपासून लपवलं नव्हतं. तेव्हापासून बहीण रात्रंदिवस एकच म्हणत होती, "मी मान हलवायला बसणार नाही." आणि त्यासाठी तिचे हात पलीकडे स्वच्छ दिसायला हवे होते. सगळं त्यावरच होतं.

"उद्या घेऊन जा," मी म्हणालो. "विहिणीला तुझ्या बोटांवरच्या रेषासुद्धा मोजता येतील."

ती गेल्यावर मी डोळ्याला भिंग लावलं आणि फोन दिव्याखाली धरला. काचेच्या कडेने एक पातळ पापुद्रा दिसला आणि मला हसू आलं. नव्या घड्याळाच्या काचेवर असाच पापुद्रा लावलेला असतो. घेणाऱ्याने तो काढायचा असतो, पण लोक काढत नाहीत. वर्षानुवर्षं प्लास्टिकमधून वेळ बघतात. असे शेकडो पापुद्रे मी नखाने उचकटून काढले आहेत आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावले आहेत. बहिणीच्या फोनचाही काढला आणि टोपलीत टाकला. ओरखडे त्याच्याबरोबर गेले की काय, हे पाहावं असं माझ्या मनातही आलं नाही. मागे राहिलेले डिंकाचे डाग भिंगातून दिसले, आणि तेच ओरखडे असं मी ठरवून मोकळा झालो.

जुन्या घड्याळाची काच म्हणजे प्लास्टिकच असते. तिला बोटाने टूथपेस्ट लावायची, ओल्या फडक्याने गोल गोल चोळायची आणि शेवटी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चाकावर फिरवायची. तसंच केलं. काच ओली असताना असं काही तेज आलं की मी बायकोला आतून हाक मारली.

"बघ. ह्याला म्हणतात हात."

तिने पाहिलं. "ओलं आहे म्हणून चमकतंय. माझी ताटंसुद्धा ओली असताना स्वच्छच दिसतात. वाळू द्या."

वाळलं. आणि कॅमेऱ्यावर, नेमकं त्याच्यावरच, दुधाच्या सायीसारखा एक ढग उतरला.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी चाकाला हिरवं पॉलिश लावलं. ढग मोठा झाला. मग मला वाटलं, चाकाचा वेग कमी पडतोय. वेग वाढवला. दुपार टळेपर्यंत काचेच्या वरच्या भागावर हिवाळ्याची पहाट झाली होती.

शनिवारी सकाळी बहीण फोन न्यायला आली.

"वाळतोय," मी म्हणालो.

"फोन काय धुऊन टाकलास?"

"कारागिरीला वेळ लागतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती चुकीचं माप देणाऱ्या माणसाकडे पाहते. मग गेली. बायको पडद्याआडून म्हणाली, "अहो, समोर जा. पाय मोडणार नाहीत तुमचे."

समोर म्हणजे मोबाईलवाल्याकडे. रस्ता ओलांडला की त्याचं दुकान, पंधरा पावलं. ती पंधरा पावलं चालायला मला दुपारपर्यंतचा वेळ लागला. फोन रुमालात गुंडाळून नेला.

"एका गिऱ्हाइकाचा आहे," मी म्हणालो. "जरा बघ. मला आपली उत्सुकता."

त्याने फोन उजेडाकडे तिरपा केला. मग नाकाजवळ नेला. "काका, गिऱ्हाइकाने दात चांगले घासलेत."

मी रुमालाची घडी घालू लागलो.

"आणि हा फोन ताईंचा आहे. गार्ड मीच लावून दिला होता. तो कुठाय?"

"कसला गार्ड?"

"काचेवरचा पातळ पापुद्रा."

"तो मी काढून टाकला. पॅकिंगचं राहिलं होतं."

त्याने फोन हळूच खाली ठेवला. तो हसला असता तर बरं वाटलं असतं. तो हसला नाही. आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तसा बोलू लागला.

"काका, ओरखडे त्या गार्डवर होते. टाचण्या, कात्री, सगळं एकाच खिशात. मी त्यांना म्हटलंही होतं, गार्ड बदलून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. खालची काच कोरी होती. गार्ड असतोच त्यासाठी. ओरखडे त्याने खायचे, काचेने नाही."

"मग हा ढग?"

"काचेवर एक न दिसणारा लेप असतो, बोटांचं तेल धरू नये म्हणून. तो तुम्ही घालवलात. वर चाकाने काच बारीक खरवडली. घड्याळाचं प्लास्टिक मऊ, ते घासून सारखं होतं. ही काच तशी नाही. जितकं घासाल तितकं वाढेल. फोन पुसायचा तर बंद करून, मऊ कोरड्या फडक्याने. फार चिकट असला तर फडकं किंचित ओलं करायचं. फडकं, काका. फोन नाही."

"आता काय करायचं?"

"काच बदलायची. मंगळवारी येईल."

रविवारी सकाळी मी बहिणीकडे गेलो. मनात दोन-तीन हकिगती तयार होत्या. त्यातल्या एकीत मांजर होतं. पण हातांनी खोटं बोलणं फार कठीण. तोंड एकीकडे बघून बोलू शकतं, हातांना समोर यावंच लागतं. मी खरं ते सांगितलं. पापुद्रा, पेस्ट, चाक, बायकोला मारलेली हाक, मंगळवार.

तिने फोन खिडकीशी नेऊन पाहिला. मग दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. आमच्या घरात ह्याला अबोला म्हणतात. तिचे हात खिशात असले की खोली खरोखर मुकी होते. मी पाव तास उभा राहिलो. मशीनवर तिने शिवायला घेतलेला स्वतःचाच नवा कुर्ता होता, चार वाजताच्या फोनसाठी. एक बाही अजून लावायची होती.

शेवटी हात बाहेर आले.

"अडतीस वर्षं," ती म्हणाली.

"मी शेजाऱ्यांचा फोन मागून आणतो. आमच्याकडे दोघांचेही बटणांचेच आहेत."

"नको. मी विहिणीशी बोलत असताना मध्येच त्यांचं कुणीतरी फोन करून विचारेल, दूध आणलंस का म्हणून. पहिल्याच भेटीला उसनं तोंड घेऊन जायचं नाही मला."

तिने फोन उलटा केला आणि मागच्या कॅमेऱ्याने माझा फोटो काढला. माझा पडलेला चेहरा त्यात अगदी स्वच्छ आला. तो ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. मागचा डोळा शाबूत होता. पण त्या बाजूने बोलायचं तर पडदा पलीकडे जाणार, मग मुलीचे हात हिला दिसणार कसे? तिने खोलीभर नजर फिरवली. कपडे घालून बघायला गिऱ्हाइकांसाठी भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा लावलेला होता. ती खुर्ची ओढून आरशासमोर बसली आणि मला मधल्या स्टुलाकडे बोट दाखवलं. फोनची पाठ तिच्याकडे, पडदा आरशाकडे. पडद्यातली माणसं तिला आरशात दिसणार. डावं-उजवं उलटं दिसेल, पण उलट्या कपड्यावर शिवण घालण्यात तिचा जन्म गेला होता. डब्यावर फोन ठेवून पाहिला तर आरशात छत दिसायला लागलं. तेव्हा तो कुणीतरी धरायचा होता.

"हलायचं नाही," ती म्हणाली.

चार वाजता फोन आला. मी दोन्ही हातांनी तो डोक्याच्या वर धरून स्टुलावर वाकून बसलो होतो, दिव्याच्या दगडी खांबासारखा. समोर बहीण नवा कुर्ता घालून ताठ बसली होती; घाईत एप्रन वर तसाच राहिला होता. तिचे हात मला दिसत होते, पलीकडचे आवाज ऐकू येत होते. पडदा तेवढा दिसत नव्हता.

आधी भाचीने सगळ्यांची ओळख करून दिली. प्रवास, हवा, तब्येत. बहीण उत्तरं देत होती, भाची ती बोलून दाखवत होती. मग एक बाईमाणसाचा आवाज हळूच कुणाला तरी म्हणाला, "त्या भलतीकडेच बघतायत. आपल्याकडे लक्षच नाहीये त्यांचं."

खरंच होतं ते. बहीण कॅमेऱ्यात बघत नव्हती, माझ्या डोक्यावरून आरशात बघत होती. भाची गडबडली. पण तिने ते वाक्य हातांनी आईला सांगितलं असणार, कारण बहिणीची मान एकदम वर झाली आणि तिने बोलायला सुरुवात केली.

"आई म्हणते," भाचीचा आवाज आला, "मी आरशात बघतेय, कारण माझा भाऊ फार मोठा कारागीर आहे."

मग तिने सगळं सांगितलं. पापुद्रा कसा उचकटला ते नखाने दाखवलं. मी भिंग लावल्यावर कसा दिसतो ते दाखवलं. इतका तोंड वेंगाडून मी कधी काम करत नाही. चाक फिरवलं. बायकोला बोलावून तोरा मिरवणारा मी, आणि फोन वाळताना माझा उतरत गेलेला चेहरा. एकीकडे माझी फजिती मला तिच्या हातांत दिसत होती, दुसरीकडे तीच भाचीच्या तोंडून ऐकू येत होती.

"तसं काही नाही," मी खालून म्हणालो.

"मामा, हलू नकोस," भाची म्हणाली. "चित्र हलतंय."

पलीकडे आधी एक पुरुष हसला, मग ती बाई हसली, हसता हसता खोकली. "मामा आहेत कुठे? दाखवा तरी," असा हुकूम झाला. मला फोन स्वतःकडे वळवावा लागला. घामाने डबडबलेल्या माझ्या तोंडाने सगळ्यांना नमस्कार केला. पुन्हा फोन जागेवर गेला.

"आमच्याकडेही एक असेच आहेत," ती बाई म्हणाली. "ह्यांनी पंखा दुरुस्त केला, तेव्हापासून तो वारा छताला घालतो." बहिणीने त्यावर विचारलं, की मग उन्हाळ्यात तुम्ही छताला लटकता का. तिथून त्या दोघी ज्या सुटल्या, त्या भाचीला आवरेनात. एकीचे हात आणि दुसरीचं तोंड, दोन्ही एकदम, मधली बिचारी म्हणत होती, "थांबा, एकेकीने, एकेकीने." तास उलटून गेला. माझ्या दंडांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. मी हललो नाही.

पुढच्या महिन्यात त्या सगळ्यांचं इकडे यायचं ठरलं. मायलेकी निरोपाचे हात हलवत असताना, फोन बंद व्हायच्या आधी, ती बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "मी उगाच घाबरत होते हो. ह्यांच्याशी गप्पा मारायला बसलं, तर घरात चूल पेटायची नाही." भाची निरोपात गुंतली होती. हे फक्त मी ऐकलं.

फोन बंद झाला. बहिणीने लगेच विचारलं, "शेवटी काय म्हणाल्या? आरशात त्यांचे ओठ हलताना दिसले."

मी फोन टेबलावर ठेवला. हात खांद्यापासून खाली येत नव्हते. एकाने दुसरा धरून आणला. मग जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द न वाढवता.

तिने डोळे बारीक केले. "नक्की असंच म्हणाल्या? की हेही तू घासून चकचकीत केलंस?"

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं. मग ती खुर्ची माझ्याजवळ ओढून बसली, एप्रन सोडून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आता सावकाश सांग." दंड दुखत होते, तरी मी तिसऱ्यांदा सुरुवात केली.