भरतीचं गाणं

“गाणं येतं का गो तुला?”

कळांनी कासावीस झालेल्या बाईला आमच्या सिस्टर पहिला प्रश्न हाच विचारायच्या. नाव-गाव नंतर. तिच्या कमरेवर तळहात फिरवत, जणू दोघी कुणाच्या हळदीला भेटल्या आहेत अशा थाटात. काही जणी गोंधळायच्या, काही चिडायच्या. “इथं जीव चाललाय आन् गानी कसली?” असं एकीनं फटकारलेलं मी ऐकलंय. सिस्टर म्हणाल्या, “बरं, मग मीच म्हनते.” आणि सुरू झाल्या.

तुम्हाला वाटेल, त्यांचा गळा गोड असेल. मुळीच नव्हता. चौलजवळच्या छोट्या सरकारी दवाखान्यात मी नवी नर्स म्हणून लागले, तेव्हा तो आवाज पहिल्यांदा ऐकून मला वाटलं, कुणीतरी लोखंडी खाट ओढतंय. डॉक्टरीणबाई ओपीडीतून ओरडायच्या, “सिस्टर, दार लोटून घ्या, माझे पेशंट पळतील!” सिस्टर दार लोटून घ्यायच्या आणि आवाज आणखी चढवायच्या.

त्यांचं एकच गाणं ठरलेलं असायचं:

“दर्याच्या पान्याला भरती आली गो,
बायची होडी बंदराला लागली गो.”

पुढे बाळाच्या आत्या, मावश्या, काकी यांची नावं घालत ते कितीही लांबवता यायचं. बाई रडतारडता नणंदेचं नाव सांगायची, कधी मुद्दाम वगळायची, आणि त्यावर सगळ्या हसायच्या. मी एकदा विचारलं, “हे कशाला, सिस्टर?” त्या म्हणाल्या, “कळ आली की पोरी श्वास धरून ठेवतात. गाताना तो सोडावाच लागतो ना? आन् एकटं नाय वाटत.” यातलं ‘एकटं नाय वाटत’ मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

गाणं त्यांच्या नवऱ्याकडून आलेलं. त्याची आई भाताची लावणी करताना ते म्हणायची. नवरा गावच्या भजनात ढोलकी वाजवायचा, कान तयार. सिस्टर कौतुकानं सांगायच्या, “आमचे हे म्हनतात, तू गायला लागलीस की माझी ढोलकी लाजते. पन रोज जेवताना मीच गायला पायजे. नायतर भात उतरत नाय त्यांना.”

एका दुपारी तो सुपारीच्या वाडीत शिंपणं करताना कोसळला. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून आमच्याकडेच आणला. सिस्टर ड्युटीवर होत्या. स्ट्रेचर आत घेताना त्यांनी त्याचा हात धरला, नाडी पाहिली, मग दुसऱ्या हाताची पाहिली. डॉक्टरीणबाईंनी काही सांगायच्या आधीच त्यांनी त्याच्या पायांना लागलेला चिखल पुसायला घेतला. रडल्या नाहीत.

दिवसकार्य उरकून त्या कामावर आल्या. काम पूर्वीसारखंच चोख, पण गाणं बंद, आणि जेवणाचा डबा अर्धा तसाच परत. बायकांना विचारायच्या फक्त नाव, गाव, कितवी खेप. घरीही रेडिओ लावत नाहीत, असं त्यांच्या शेजारणीनं मला सांगितलं. डॉक्टरीणबाई आता दार उघडंच ठेवायच्या. खोलीतून फक्त कण्हणं ऐकू यायचं, आणि ते इतकं मोठं असतं हे आम्हाला नव्यानं कळत होतं. सिस्टरांना काही म्हणायची आमची हिंमत नव्हती.

मग एक पोरगी दुसऱ्या खेपेला आली. पहिल्या खेपेला तिची सुटका सिस्टरांनीच केली होती. खाटेवर पडल्यापडल्या म्हणाली, “सिस्टर, तेव्हाचं गानं म्हना ना.”

“नाय गो. आता येत नाय मला.”

पोरीला काय माहीत? कळ आली तशी ती सिस्टरांचा हात घट्ट धरून स्वतःच गायला लागली, धापा टाकत: “दर्याच्या पान्याला ओहोटी लागली गो...”

सिस्टरांनी दोन वेळा ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळी त्यांना राहवेना. “ओहोटी नाय गो, भरती! ओहोटीत होडी चिखलात रुतेल ना!”

“मग तुमीच म्हना की नीट!” पोरगी कळवळत ओरडली.

सिस्टरांनी सुरुवात केली. पहिली ओळ आली. दुसऱ्या ओळीला ‘बंदराला’वर आवाज फाटला आणि थांबला. मी घाबरले. तेवढ्यात पोरीच्या सासूनं, कोपऱ्यात उभ्या उभ्या, ओळ पुरी केली. पाठोपाठ मीही सूर लावला. आजवर मी कधी गायले नव्हते. डॉक्टरीणबाई दारात आल्या आणि दार लोटायचं विसरून तिथंच उभ्या राहिल्या. सिस्टरांचे डोळे वाहत होते, हात आपलं काम करत होते, आणि मधूनमधून त्या आमच्यात मिसळून गात होत्या.

मुलगी झाली. तिला आईच्या छातीशी देऊन सिस्टर बेसिनपाशी गेल्या आणि नळ सोडून हात धूत राहिल्या. मी शेजारी गेले. म्हणाल्या, “ते गेल्यापासून वाटायचं, गायले तर ते नाहीत हे खरं होईल. आज गायले. खरंच झालं गो.” थोड्या वेळानं तोंड धुऊन म्हणाल्या, “पन जेवेन आज.”

त्या दिवसापासून पुन्हा गायला लागल्या. तशाच बेसूर.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे पनवेलला राहायला गेल्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्याच्या थोडं आधी मी त्यांना फोन केला होता. त्यांनी उचलला आणि कुजबुजल्या, “थांब हां, नातू झोपतोय.” फोन तसाच बाजूला ठेवला असावा. मला त्यांचा आवाज ऐकू येत राहिला, नातवाच्या पाठीवर पडणारी थापही. मग गाणं संथ झालं, शब्द गळत गेले, नुसतं गुणगुणणं उरलं. तेही थांबलं. दोघांचा श्वास ऐकू येत होता. बहुतेक त्यांनाही झोप लागली होती. मी कितीतरी वेळ फोन कानाशी धरून बसले.