सहा नवे सेल

माझ्या नवऱ्याला, निमिषला, एका जागी बसवेल असा माणूस आमच्या वटार गावात अजून जन्माला यायचाय. चहा तो उभ्यानेच पितो आणि फोन आला की अंगणाला फेऱ्या मारतो. अशा माणसाने धंदा कुठला धरावा? हायब्रीड गाड्यांच्या थकलेल्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा, ज्यात निम्मं काम नुसतं वाट बघण्याचं. चंदनसारच्या एका गॅरेजात तो हे शिकला आणि आमच्या वाडीतल्या शेडमध्ये टेबल मांडून बसला. बसला म्हणजे आपली म्हणायची पद्धत.

फेब्रुवारीत शेजारच्या कॉन्रॅड अंकलची गाडी आली. बॅटरीत अठ्ठावीस सेल, त्यातले सहा मेलेले. निमिषने तेवढे काढले, कोरे करकरीत सहा बसवले आणि संध्याकाळच्या आत किल्ली परत दिली. शेवटी बागायतदाराचा मुलगा. पानमळ्यात एखादी वेल मेली की तिच्याच जागी नवी लावायची, याला आमच्याकडे नांगे भरणं म्हणतात. हाताला वळण तेच.

"बाकीचे तपासलेस ना?" मी विचारलं होतं.

"हो गं," तो म्हणाला होता. तपासायला चार दिवस लागतात, आणि त्याने एकही दिवस घालवला नव्हता.

मे महिन्यात अंकल परत आले. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला होता.

"जीनाचं लग्न आठ दिवसांवर आलंय," अंकल म्हणाले. "पोरगी याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली. चर्चला यातूनच जाणार म्हणून हट्ट धरून बसलीय. होईल ना रे?"

निमिष "होईल" म्हणाला, पण त्याचा चेहरा पार उतरला. बॅटरी उघडली तर नवे सहा ठणठणीत आणि जुन्यातले चार फुगलेले. माझे सासरे मधूबाबा डोकावून म्हणाले, "नांगे तर नीट भरले होतेस."

"वेल आपापली वाढते, बाबा. हे सगळे एका दोरीत बांधलेत. नव्यांच्या बरोबरीने ओढता ओढता जुने मेले."

आमच्या स्वतःच्या गाडीसाठी म्हणून त्याने एक जुनी बॅटरी जपून ठेवली होती. तीही त्याने फोडली. दोन्हींतला एकेक सेल भरायचा, रिकामा करायचा, असं तीनदा. मग दिवसभर नुसता ठेवून कोण ढेपाळतो ते बघायचं आणि सारख्या ताकदीचे अठ्ठावीस निवडायचे. नवे सहा बाजूलाच राहणार होते. ते पाच दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तो दर दहा मिनिटांनी मीटर बघून यायचा. स्कूटर दोनदा धुतली. मी वैतागून त्याला बिरडं सोलायला बसवलं, तर सालं आणि दाणे एकाच भांड्यात.

सेल निवडून झाल्यावर तो अंकलकडे गेला. मी सोबत होते.

"अंकल, चूक माझी. मागच्या वेळी मी बाकीचे सेल तपासलेच नव्हते."

अंकलनी हातातली पाहुण्यांची यादी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आणि आता रस्त्यात बंद पडली तर?"

"नाही पडणार, असं मी मागेही म्हणालो होतो. आता चालवूनच दाखवतो."

उरलेले दोन दिवस ऐन गर्दीच्या वेळी तो ती गाडी वसई-विरारभर फिरवत राहिला.

लग्नाच्या दिवशी गाडी चर्चच्या दारात थांबली आणि जीना उतरली. सगळे तिच्याकडे बघत होते. माझा नवरा काचेतून वाकून डॅशबोर्ड बघत होता. दिवा नव्हता. अंकल हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून आत गेले.

"आता तरी स्वस्थ बस," मी म्हणाले.

"फेब्रुवारीपासून आणखी चार गाड्या मी अशाच केल्यात," तो हळूच म्हणाला. "त्यांचा दिवा अजून लागलेला नाही."

"मग?"

"लागेपर्यंत थांबू?"

लग्नाला सात वर्षं झाली, रोज मी त्याला जरा थांब म्हणत आलेय. त्या दिवशी नाही म्हटलं. पर्समधून स्कूटरची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली, आणि नव्या शर्टात, उपाशीपोटी, तो एव्हरशाईन सिटीतल्या पहिल्या गिऱ्हाईकाच्या घराकडे निघाला.