फाटकाच्या अलीकडे मध्यंतर

आमच्या माधवगंजच्या फिल्म क्लबात सिनेमे कमी आणि किस्से जास्त! दर रविवारी आम्ही दहा-बारा म्हातारे जमतो, आणि घरी जाताना पडद्यावरचं विसरून खुर्च्यांवरचंच आठवत असतं. आता तो युद्धाचा जुना ब्लॅक-अँड-व्हाइट परदेशी सिनेमाच घ्या. एक आई लहान मुलीला घेऊन सरहद्दीकडे पळत असते. सरहद्दीवर फाटक. गेल्या रविवारपर्यंत तिथवर आम्ही तीनदा पोहोचलो होतो, पलीकडे एकदाही नाही!

*

पहिल्यांदा मे महिना होता. फाटक दिसलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर एक तर पंखे चालणार, नाही तर प्रोजेक्टर. मतदान घेतलं. ग्वाल्हेरचा मे! पंखे प्रचंड बहुमताने निवडून आले. सिनेमाच्या बाजूने एकच हात वर होता, मोटवानी आंटींचा.

या आंटी क्लबातल्या एकट्या सिंधी. फाळणीत आईच्या कडेवर बसून सिंधहून इथे आल्या आणि शेजारणींच्या संगतीत मराठी शिकल्या. चहा-कचोरीचं खातं त्यांच्याकडे. कचोऱ्या आल्या की त्या कपावर चमचा वाजवणार, की लगेच मध्यंतर! मग पडद्यावर कुणी मरत का असेना. "ते तर मरतच राहतात. कचोरी ठंडी झाली तर कोण खाणार?"

*

दुसऱ्यांदा आडवे आले अप्पा जाधव. पूर्वज फौजेतले, त्यामुळे युद्धाचा सिनेमा अप्पा बघत नाहीत, तपासतात. फाटकावरच्या शिपायाची बंदूक म्हणे चुकीच्या खांद्यावर होती! "अरे, ये कोई तरीका आहे का?" म्हणत अप्पा पडद्याकडे निघाले, वायरमध्ये पाय अडकला आणि प्रोजेक्टर खाली!

अप्पा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "बघितलं? पहारा ढिला असला की असं होतं!"

*

तिसऱ्यांदा डिस्क अडकली. पुन्हा फाटकापाशीच! वकील देशपांड्यांनी मोबाइल काढला. "शेवट नेटवर असेल, वाचून दाखवतो."

"खबरदार!" आंटी ओरडल्या.

"अहो, त्या पार होतात की नाही ते तर कळेल!"

"वही तो. नाही झाल्या तर?"

वकीलसाहेबांनी प्रथमच खटला मागे घेतला आणि मोबाइल खिशात घातला.

*

गेल्या रविवारी नवी डिस्क आणली. फाटक आलं. शिपाई आईचे कागद उलटसुलट करून बघत होता, आणि नेमका तेव्हाच जिन्यातून कचोऱ्यांचा वास आला! सगळ्यांनी आंटींकडे पाहिलं. चमचा हातात होता, पण वाजेना.

"आंटी, ठंडी होतील," देशपांडे पुटपुटले.

आंटी उठल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली. "पहिले उनको निकल जाने दो."

बाहेर कचोरीवाला दार ठोठावत राहिला, आत कुणी हललं नाही. शेवटी फाटक वर गेलं. आई मुलीला कडेवर घेऊन पलीकडे चालत गेली, आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

आंटींनी कडी काढली. चमचा वाजवला. गार झालेला चहा सगळ्यांना दिला, मग आणखी दोन कप भरले आणि पडद्यासमोरच्या स्टुलावर नेऊन ठेवले.

अप्पांनी ते कप बराच वेळ निरखले.

"पोरीला चहा नका देऊ, आंटी," ते म्हणाले. "तिला दूध द्या."