पृथ्वीवर कुठेतरी अजून शनिवार

दर सोमवारी सकाळी माझ्या फोनवर एक पत्र येतं. ते इंग्रजीत असतं, बरंच लांबलचक असतं आणि खरं तर माझ्यासाठी नसतंच. जगभर जी माणसं ग्रहांचा अभ्यास करतात, त्यांचं ते बातमीपत्र. कुठल्या यानाची मुदत वाढली, कुठली परिषद कुठे भरणार, कोणाचा सत्कार झाला, कोण वारलं, आणि सगळ्यात शेवटी, कुठे जागा निघाली. मी पाणीखात्यातून निवृत्त झालेला डोंबिवलीकर. ग्रहांशी माझा संबंध आला तो लग्नात पत्रिका जुळवण्यापुरता. पण मुलगी पीएचडी झाली तेव्हा तिच्या प्रबंधाची दोन ओळींची बातमी त्या पत्रात यायची होती. ती मला वाचता यावी म्हणून तिनेच माझा पत्ता तिथे घातला. बातमी आली, मी ती अख्ख्या सोसायटीला दाखवली, आणि पत्र मात्र त्यानंतरही येत राहिलं. बंद करायला तळाशी कुठेतरी बटण असतं म्हणे. मी ते कधी शोधलं नाही.

पत्र मी बाल्कनीत वाचतो, पहिल्या चहाबरोबर. निम्मं कळत नाही, पण कीर्तनातलं तरी आपल्याला सगळं कुठे कळतं? कानावर पडत राहतं आणि बरं वाटतं. शनीच्या एका बर्फाळ चंद्रातून पाण्याचे फवारे अवकाशात उडतात, हे मी त्याच खुर्चीत वाचलं. माझी सगळी नोकरी गळती शोधण्यात गेली. रस्त्याला काठी टेकवून, काठीला कान लावून पाइप कुठे फुटलाय ते ऐकायचो. त्यामुळे ती बातमी वाचली आणि मी तिथेच हरवलो. इतका काळ फवारा चालू आहे आणि तक्रार करायला एक माणूस नाही. बर्फावर काठी टेकवली तर कसा आवाज येईल, आतला समुद्र वाहताना ऐकू येईल का, असलं काहीबाही मनात चालू होतं.

"अहो, तुमच्या चंद्राचं नंतर बघा," बायको आतून ओरडली. "इथली बादली वाहून चाललीय."

नळ मीच उघडा ठेवला होता. पाणीखात्यातल्या माणसाच्या घरात हे व्हावं याचा तिला अजून राग आहे.

बागेतल्या कट्ट्यावर सकाळी आम्ही निवृत्त मंडळी जमतो. सोमवारचं पत्र मी तिथे सांगतो. आधी सगळे माझी टर उडवायचे. मग हळूहळू एकेकाने एकेक ग्रह वाटून घेतला. त्यातला माझा सगळ्यात जवळचा मित्र ठाण्याच्या खाडीकाठच्या गावातला, ख्रिस्ती, वाडवडील मिठागरांवर राबलेले आणि तो स्वतः रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त. त्याने शुक्र घेतला. तिकडे फारसं कोणी जात नाही, याचं त्याला वाईट वाटतं. शुक्राकडे यान पाठवायचं ठरलं की तो आम्हाला चहा पाजतो आणि बेत पुढे ढकलला की दोन दिवस नीट बोलत नाही.

एकदा जागांच्या जाहिरातीत एक गमतीची अट दिसली. अर्जाची शेवटची तारीख दिली होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, पृथ्वीवर कुठेही. मी मुलीला फोन करून अर्थ विचारला. पृथ्वीच्या पाठीवर एखाद्या कोपऱ्यात तो दिवस शिल्लक असेल तोवर अर्ज चालतो, असं तिने सांगितलं. आपल्याकडे दुसरा दिवस उजाडलेला असतो, दुपारची जेवणं झालेली असतात, पण तिकडे पॅसिफिकमध्ये कुठेतरी आदलाच दिवस चालू असतो. तो आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेपाचला संपतो. मी हे कट्ट्यावर सांगितलं तेव्हा मित्र बराच वेळ समोरच्या गुलमोहराकडे बघत बसला.

"भारी आहे रे," तो म्हणाला. "मी कारकुनीच्या अर्जाला गेलेलो तेव्हा पाच मिनिटं उशीर झाला म्हणून खिडकी बंद केलेली. तेव्हा कुणी पृथ्वी फिरवली नाय माझ्यासाठी."

मला त्या पत्रात खरा रस असतो तो जागांचा. यानं येतील आणि जातील. पण 'जागा निघाली' हे शब्द आमच्या पिढीने जन्मभर देवाच्या नावासारखे ऐकले. मी वाढलो आंबिवलीला, कारखान्याच्या चाळीत. डिप्लोमा होऊन घरी बसलो होतो, तेव्हा शेजारच्या खोलीतला एक माझ्याच वयाचा मुलगा पेपर घेऊन आला आणि म्हणाला, "पाणीखात्यात जागा निघाली आहे. भर." तो स्वतःही भरणार होता आणि जागा एकच होती. ती मला लागली. पेढे घेऊन तोच माझ्या दारात आला. मी त्याला विचारलं, तू मला सांगितलंस कशाला? तर म्हणाला, "माहीत असून सांगितलं नसतं, तर रोज तुझ्या तोंडाकडे बघितलं कसं असतं?"

तेव्हापासून माझा नेम आहे. कुठे जागा निघाली आणि ती कोणाच्या कामाची असली, तर गप्प बसायचं नाही. भाचे, पुतणे, सोसायटीतली मुलं, इस्त्रीवाल्याचा जावई, मी सगळ्यांना कळवत आलो. काहींच्या नोकऱ्या लागल्या, काहींनी माझा फोन उचलायचं सोडलं. मला फरक पडत नाही.

मुलीचा विषय मंगळावरच्या आटलेल्या नद्या. लहान असताना ती माझ्याबरोबर स्कूटरवरून यायची. नवी लाइन टाकली की आम्ही आधी ती धुऊन घ्यायचो, ते पाणी बाहेर सोडायचो. व्हॉल्व्ह उघडला की कोरड्या चरातून पाणी कसं धावतं, कुठे वळतं, माती कुठे कापतं, कुठे टाकतं, हे ती उकिडवी बसून बघायची. पाणी आटल्यावरही बघत बसायची, कारण माग राहायचा. पुढे तिने मंगळाच्या फोटोंमध्ये तसले माग शोधले. एक फेलोशिप संपली, दुसरी मिळाली, तीही संपली. तिसरी आलीच नाही. मग तिने ठाण्यातल्या एका कंपनीत नोकरी धरली. उपग्रहाचे फोटो बघून कुठली वस्ती पुरात बुडेल ते विमावाल्यांना सांगायचं. ऑफिस गार, पगार चांगला, आणि राहायला टेंभी नाक्याजवळ मैत्रिणीबरोबर घर. काय वाईट आहे, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. आणि दर सोमवारी पत्रातली जागा तिला पाठवायचो.

एका नवरात्रात आम्ही टेंभी नाक्याच्या देवीला गेलो होतो. रांगेत ती माझ्या पुढे होती. दर्शन झालं, बाहेर आलो, दिव्यांच्या कमानीखाली ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, एक मागू? त्या जागा मला पाठवू नका आता."

"का गं?"

"तुम्ही पाठवता, मी उघडते, आणि मग दोन दिवस माझं कशात लक्ष लागत नाही. मला इथे नीट राहायचंय. प्लीज. प्रॉमिस करा."

तिचे डोळे भरले होते. मी देवीच्या मांडवाकडे बघून हो म्हटलं. बायको पुढे गजरा घेत होती, तिला काही कळलं नाही.

वचन मी पाळलं. सोमवार येत राहिले. मी एकटाच सगळं वाचायचो आणि कट्ट्यावर फक्त यानांचं सांगायचो. जागांपाशी आलो की दुसऱ्याचं पत्र चुकून उघडल्यासारखं वाटायचं. तरी वाचायचो. झोप येता येता कधीकधी मी मंगळावरच्या एखाद्या कोरड्या पात्रात उतरलेला असायचो, हातात व्हॉल्व्हची चावी घेऊन, आणि व्हॉल्व्ह कुठे आहे तेच सापडायचं नाही.

मग एका सोमवारी ती जागा आली. दूरच्या एका थंड देशात, तीन वर्षांसाठी, मंगळावरच्या जुन्या जलप्रवाहांचा अभ्यास करायला. प्रवाहांनी टाकलेल्या गाळावर काम केलेलं असावं, असंही लिहिलं होतं. तिचा प्रबंधच त्याच्यावर होता. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पुढे अट होती, पीएचडी होऊन पाच वर्षं झालेली नसावीत. तिची पाच वर्षं भरत आली होती. म्हणजे यानंतर असल्या बहुतेक जागांना तिचा अर्जच चालणार नव्हता. शेवटची तारीख, पुढच्या आठवड्यातला शनिवार. पृथ्वीवर कुठेही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. सांगावं तर वचन मोडतं, न सांगावं तर आंबिवलीचा तो पेपर घेऊन उभा राहिलेला मुलगा डोळ्यांपुढून हलत नाही. शेवटी मित्राला बाजूला घेऊन सांगितलं.

"पाठव की," तो म्हणाला. "तू नको पाठवूस. वहिनींच्या फोनवरून पाठव."

"ते वचन मोडणंच झालं."

मग तो म्हणाला, "खरं सांग, पोरगी लांब जाईल म्हणून गप्प आहेस काय रे?"

मी तसाच उठलो आणि घरी आलो. त्याचा राग आला म्हणून नाही. पोरीला जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं आणि ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. दर रविवारी ती येते, दारात चपला काढता काढताच "आई, काय केलंयस?" म्हणते, तेवढ्यावर माझा आठवडा चालतो.

शनिवार गेला. मी ते पत्र पुन्हा उघडलंसुद्धा नाही. रविवारी ती आली. बायकोने बिरड्याची उसळ केली होती. मुलगी दोनदा घेऊन जेवली आणि हॉलमध्ये गार फरशीवरच उशी टाकून आडवी झाली. मी खुर्चीत बसलो. पंखा फिरत होता, खाली कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. दुपार इतकी संथ होती की घड्याळ चालू आहे का याची शंका यावी.

मला माहीत होतं, अजून दिवस संपलेला नाही. मी डोळे मिटले की मला तो शनिवार दिसायचा. आमच्याकडून तो कधीच निघून गेला होता. डोंगर, वाळवंटं, मोठमोठे देश ओलांडत तो पश्चिमेला सरकत होता, आणि आता त्याच्यापाशी फक्त समुद्र उरला होता आणि समुद्रात चार-दोन बेटं. तिथे माणसंही नसतील. रिकाम्या किनाऱ्यावर शनिवार एकटाच बसलाय, माझ्या मुलीसाठी थांबलाय, आणि मी इथे दोन हातांवर असून तोंडात मूग धरून बसलोय. एकदा वाटलं हलवून उठवावं. तिचा चेहरा झोपेत अगदी लहानपणीचा दिसत होता. मी पुन्हा मागे टेकलो.

चारनंतर कधीतरी ती उठली. तोंड धुऊन आली, माझ्या समोर मांडी घालून बसली आणि केस बांधता बांधता म्हणाली, "बाबा, त्या मागल्या सोमवारच्या पत्रात काय होतं?"

"तू सांगू नका म्हणाली होतीस."

"मला पण येतं ते. मी कुठे बंद केलंय?"

 ती आत गेली, बॅगेतून लॅपटॉप घेऊन आली आणि माझ्यासमोर उघडून ठेवला. अर्ज पूर्ण भरलेला होता. खाली फक्त पाठवायचं बटण राहिलं होतं.

"आठवडा झाला भरून," ती म्हणाली. "रोज उघडायचे आणि बंद करायचे. म्हटलं, बाबांचं आलं की पाठवू. तुम्ही पाठवलंत म्हणजे तुम्हालाही वाटतंय, मग मी काही वेडेपणा करत नाहीये. वाट बघितली नुसती. काल रात्री तर म्हटलं, बाबांनाच आता वाटत नाही."

"अगं, तू देवीसमोर वचन घेतलंस माझ्याकडून."

"हो. पण तुम्ही माझं कधीपासून ऐकायला लागलात?"

ती हसायला गेली, तिला हसता आलं नाही. मलाही नाही. स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळत होतं आणि बायको विचारत होती, आलं घालू का.  साडेपाचला अजून थोडा अवकाश होता. ती गेली तर माझे रविवार जाणार होते आणि ती राहिली तर तिच्या नद्या. मला हे दोन्ही दिसत होतं आणि दोन्ही सारखंच दुखत होतं. ती बटणावर बोट ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"जागा निघाली आहे," मी म्हणालो. "भर."