टिचबटणं लावायची राहिलेलं झबलं

राधाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुधाशी उभी होते. तिची पुतणी म्हणाली, "झोपेतच गेली." माझ्या तोंडून निघालं, "सरी..." बंगळुरात, बसवनगुडीत इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आम्ही, आणि बोलले काय, तर भाजीवाल्याला कानडीत 'बरं' म्हणतात तसं सरी! दूध उतू जात राहिलं.

आमच्या रस्त्यावरचं प्रत्येक बाळ आधी अक्काच्या झबल्यात शिरायचं. जुन्या सुती लुगड्याचं, ढगासारखं मऊ, समोरून पूर्ण उघडणारं. नाडीवर तिचा राग. "बाळ काय गाठोडं आहे बांधायला?" म्हणून टिचबटणं. तीही बाळ जन्मल्याचं कळल्यावरच लावायची. बटणं नसलेलं झबलं म्हणजे नुसतं कापड, त्याला दृष्ट कसली लागते, हे तिचं शास्त्र. दुपारभर ती शिवायची, मी शेजारी बडबडायची. शेवटी कुठे टोचतंय का बघायला ती झबलं मिटल्या पापणीवर फिरवायची. मी सुई मागितली की म्हणायची, "स्वल्प थांब की शारदे, तुझं तोंड चालू दे, हात नको." त्या दुपारी आठवल्या की अजून वाटतं, आपण पाण्याखाली बसून बोलत होतो, बाहेरचं काही ऐकूच येत नव्हतं...

अक्का गेली आणि नवव्या दिवशी माझ्या नातीला, मुक्ताला, मुलगी झाली. पुतणीनं अक्कानं त्या बाळासाठी शिवून ठेवलेलं झबलं आणून दिलं, सोबत बटणांची डबी. मुक्ता एचएसआर लेआउटच्या नव्या वस्तीत राहते, घरात रेडीमेड कपड्यांचा ढीग. तरी म्हणाली, "आजी, बारशाला अक्काआजीचंच घालणार."

"अगं, बटणं राहिलीत. टेलरकडे देते."

"नाही हं. तूच लाव."

अक्काचं शेवटचं काम माझ्या हातून बिघडलं तर? दोन दिवस झबलं उशाशी ठेवून नुसती बघत होते. तिसऱ्या दुपारी खिडकीशी बसून उलगडलं, तर दोन्ही पट्ट्यांवर निळ्या दोऱ्याचे बारीक टाके. एकीकडे फुली, समोर गोल, अशा पाच जोड्या.

अक्का कधी खुणा करत नसे. तिची बोटंच जागा ओळखायची. मग या खुणा कुणासाठी?

डबी उघडली, सुई ओवली.

चौथं बटण जरा वाकडं बसलंय, राहू दिलं. निळे टाकेही उसवले नाहीत. बाळाला टोचतील का म्हणून अक्कासारखंच झबलं मिटल्या पापणीवर फिरवून पाहिलं. काही टोचलं नाही.