काचेतलं आडनाव

परभणीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हिरव्या अक्षरांचा एकच पडदा होता. मी इंग्रजी शाळेतली म्हणून सरांनी डेटाबेसमधली पहिली नोंद माझ्याकडून टाइप करून घेतली. नमुना म्हणून मी स्वतःचीच माहिती भरली. पुढे फाइल उघडली की आधी तीच नोंद यायची, आणि कुणी काही करत नसलं की दिवसभर तशीच उभी असायची. नाव, आडनाव, गाव जिंतूर.

खोली घेताना घरमालकिणीला मी एवढंच सांगितलं होतं, की वडील जिंतूरला शिक्षक आहेत. आम्ही बौद्ध आहोत का, हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा भिंती रंगलेल्या होत्या. तिच्या अंगणात त्यावर जे बोललं जायचं ते मला खिडकीतून ऐकू यायचं. आडनाव कळलं की खोली जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

काही महिन्यांनी तिची मुलगी आमच्याच क्लासला येऊ लागली.

त्याच सुमारास सरांनी शिकवलं, की रकान्यातला मजकूर कितीही लांब असो, पडद्यावर किती दिसावा हे आपण ठरवू शकतो. मी आडनावाला एका अक्षराची जागा दिली.

"आडनाव कुठं गेलं गं?" सरांनी विचारलं.

"फाइलीत पूर्ण आहे, सर. दिसतं फक्त पहिलं अक्षर."

"लय भारी! आडनावाची बी काटकसर करायलीस की!"

सगळे हसले. मीही हसले.

एका दुपारी लाइट गेली. घरमालकिणीची मुलगी काळ्या पडद्यात बघून टिकली सरळ करत होती. तिचं बोट कपाळावरच थांबलं. मग तिनं रुमालानं काच पुसली. पुन्हा पुसली.

"डाग जाईना गं."

मी तिच्या मागं उभी होते. काचेत तिचा चेहरा, त्यामागं माझा, आणि दोघींवरून तपकिरी इंग्रजी अक्षरं. मी झाकण्याआधी इतके महिने एकाच जागी उजळत राहून माझं आडनाव पडद्यात भाजून बसलं होतं.

"जुना पडदा आहे," मी म्हणाले.

रस्ता ओलांडताना ती रोज माझा हात धरायची. त्या दिवशी तिनं दोन्ही हातांनी वही धरली होती.

संध्याकाळी घरमालकीण उंबऱ्याबाहेरूनच बोलली, "पाहुणे यायलेत आमचे. पुढच्या महिन्यात खोली लागंल आमाला."

"कोण पाहुणे, मावशी?"

"हायेत की. तुला काय करायचंय?"

दुसऱ्या दिवशी मी आडनावाला त्याची पूर्ण जागा परत दिली. देताना चुकून ते एक ओळ खाली आलं. वर जळकं आडनाव, खाली हिरवंगार.

"एक ओळ वर घे की," सर म्हणाले.

"राहू द्या, सर."

मी खोली सोडली तेव्हाही दोन्ही तिथंच होती.