मामांचं आमंत्रण बाकी

गणेश चवथीनंतरचा दुसरा रविवार, सकाळचा चहा झाल्यावर. ठिकाण: साखळी, आमच्या घरचा सोपा. हजर: सासूबाई, माझा नवरा, आमोण्याहून आलेली नणंद, तिचा नवरा आणि मी. गैरहजर: मामा. विषय: मामा.

बैठकीत काय ठरलं ते पुढे येईल. आधी मामा कोण ते सांगते. हे माझ्या नवऱ्याचे मामा, सासूबाईंचे धाकटे भाऊ, राहणार पेडणे. जगात आजवर असं एकही वाक्य लिहिलं गेलेलं नाही, ज्याखाली आमचे मामा ‘पुरावा?’ असं लिहू शकणार नाहीत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी कुणी सूर्योदयाचं चित्र टाकून ‘आजचा दिवस तुमचा आहे’ असं लिहिलं, की त्याचे दात घासून व्हायच्या आत मामांचा प्रश्न हजर. लिंबू, हळद, चुंबक, चंद्र, रुपयाची घसरण, मराठीचं वय, कुठलाही विषय त्यांना वर्ज्य नाही. आणि हे फक्त घरच्या ग्रुपचं. बाहेर इंटरनेटवर अनोळखी लोकांशी त्यांचे जे वाद चालतात, त्यांची नोंद ठेवणं माझ्याही आवाक्याबाहेरचं आहे, आणि मी किराण्यापासून लसीकरणापर्यंत सगळ्याच्या याद्या ठेवणारी बाई आहे.

मामा सरकारी नोकरीत होते तेव्हा फोन नव्हते, म्हणून वाद पेडणे-पणजी बसमध्ये चालत. एकदा विरोधक म्हापशाला उतरला, तर मुद्दा पुरा करायला हेही त्याच्यामागे उतरले, आणि कचेरीत उशिरा का आलात असं साहेबांनी विचारल्यावर यांनी साहेबांना उरलेला मुद्दा सांगितला. पुढे निवृत्ती आली, मग मामी गेल्या, आणि घरात उलट उत्तर द्यायला कुणी उरलं नाही. त्या वर्षी भाच्याने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, मामा भजनं ऐकतील.

त्यांची वाद घालायची एक शिस्त आहे. सुरुवातीला गाऱ्हाणं. आमच्या पेडण्याकडे कुठलंही कार्य सुरू करताना देवळात जाणता माणूस उभा राहून देवाला गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तसंच मामा ग्रुपवर लिहितात: ‘बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्या ग्रुपार जी काय चर्चा होतली, तेच्यात कोणी कोणाचा घराणा काढू नये, कोणी अर्धा वाचून पुरा उत्तर देव नये, म्हाराजा!’ सगळ्यांचं ‘व्हय म्हाराजा’ येईपर्यंत ते पहिला मुद्दा मांडत नाहीत. नणंदेच्या नवऱ्याने एकदा चिमटा काढला, ‘मामा, तुमका सगळ्याचो पुरावो लागता, मगे देवाक कित्याक बोलवतास?’ मामांचं उत्तर लगेच: ‘गाऱ्हाणा देवासाठी नसता रे, माणसांसाठी असता. व्हय म्हाराजा म्हटलेलो माणूस मधीच उठान जायना.’

विज्ञानाच्या बाबतीत ते नुसते बोलत नाहीत, करून बघतात. झाडांशी गोड बोललं की ती जोमानं वाढतात असा एक संदेश नणंदेने पाठवला होता. मामांनी दोन डब्यांत हरमलच्या मिरचीची रोपं लावली. रोज सकाळी एकाची स्तुती आणि दुसऱ्याला शिव्या. दर आठवड्याला ग्रुपवर फोटो. शिव्यांचं रोप हा हा म्हणता कमरेला लागलं, आणि स्तुतीचं डब्याच्या काठावरून जेमतेम डोकावत राहिलं. आम्ही सगळे खूश. घरातल्या मुलांनाही आता स्तुतीऐवजी शिव्याच द्याव्यात का, याची चर्चाही सुरू झाली. तेवढ्यात मामांचा निकाल आला: ‘शिव्यांक पोषणमूल्य नाय. पण शिव्यो घालताना मी जास्त वेळ उभो रवत होतंय आणि हातातला पाणी जास्त पडत होता. प्रयोग रद्द.’ स्वतःची जिंकलेली बाजू अशी स्वतःच पाडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अर्थशास्त्र त्यांच्या दारात सायकलवरून येतं. पाव विकणारा पदेर आला की मामा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन फाटकाशी उभे. किंमत तीच आणि पाव लहान, म्हणजे ती महागाईच, असा त्यांचा सिद्धांत. ‘मामा, तुमचें वजन जायसर पाव निंवता,’ अशी पाव थंड होण्याची तक्रार पदेर रोज करतो आणि रोज थांबतो. पण कुणी ग्रुपवर पदेराला लुटारू म्हटलं, की मामा लगेच पिठाचा, लाकडांचा आणि माणसांच्या मजुरीचा हिशेब मांडून पदेराचे वकील होतात. बसमधली रिकामी जागा दिसली की आपण बसतो, तसे मामा वादातल्या रिकाम्या बाजूवर जाऊन बसतात.

भाषेवरून गोव्यात वाद घालायला माणूस शोधावा लागत नाही. मामा मराठीची बाजू कोंकणीत मांडतात आणि कोंकणीची मराठीत, कारण समोरच्याला त्याच्या भाषेत सांगितलं तरच तो ऐकतो, असं त्यांचं मत. प्रत्यक्षात दोन्हीकडचे लोक त्यांना फितूर समजतात. बाहेरच्या कुणीतरी एकदा लिहिलं, की गोव्यातली मराठी पोर्तुगीज शब्दांनी बाटलेली आहे. मामांनी त्याला नम्रपणे कळवलं, ‘आपण बटाटा, चावी, साबण, बादली आणि पगार एवढे शब्द आजपासून सोडावेत. पगार सोडल्याचं कळवा, मग शुद्धतेवर बोलू.’

आता बैठकीकडे येते. चवथीनंतर सासूबाईंनी ग्रुपवर आपल्या आवाजात एक संदेश टाकला: एरंडाचं पान गरम करून बांधलं आणि गुडघा अगदी बरा झाला, सगळ्यांनी करून बघा. मामांनी त्या दिवशी गाऱ्हाणंही घातलं नाही. थेट ‘पुरावा?’ आणि खाली मुद्दे. शेवटचा मुद्दा असा: ‘गुडघा बरा झाला असता, तर चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना तू खुर्चीवर बसून राहिली नसतीस. देवळाच्या पायऱ्यांशी चप्पल शोधण्याचं नाटक केलं नसतंस. मी पाहत होतो.’

खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणीच ते पाहिलं नव्हतं. पण सुना, जावई, नातवंडं सगळ्यांसमोर आपलं दुखणं उघडं पडलं, हे सासूबाईंना फार लागलं. बैठकीत त्या एवढंच म्हणाल्या, ‘काढ तेका.’ नवऱ्याने ‘आई, मामा आसा गो तो’ म्हणून पाहिलं. ‘माझो भाव पयलो, मगे तुझो मामा. काढ.’ ग्रुपची ॲडमिन मी. काढलं.

बैठकीने मामांना काढलं, पण त्यांच्या शेवटच्या मुद्द्याला उत्तर कुणी दिलं नव्हतं. अर्धवट राहिलेलं काम मला बघवत नाही, म्हणून त्याच आठवड्यात मी सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पानाने काही होणार नाही, ऑपरेशन लागेल.

इकडे ग्रुप गप्प झाला. म्हणजे फुलं, सूर्योदय, सुविचार येत राहिले, पण त्याखाली नुसते जोडलेले हात. माझ्या नवऱ्याने एकदा मुद्दाम लिहिलं, की मिठाच्या पाण्यात फोन ठेवला की तो चार्ज होतो. सगळ्यांनी हात जोडले. सासूबाई तो संदेश वरखाली करत बसल्या. भाऊबीजेला त्यांनी ओवाळणीचं ताट तयार केलं, पेडण्याची बस येऊन गेली तरी वाती भिजत ठेवल्या. मामा आले नाहीत.

मग मी ग्रुपमध्ये परत यायची लिंक मामांना पाठवली. सोयीचं तेच होतं. मामांचं उत्तर आलं: ‘काढूक बैठक, आणि हाडूक लिंक? घरच्या माणसाक आमंत्रण घराक येऊन देतत.’

ते चुकीचं म्हणत नव्हते. आमच्याकडे सख्ख्या माणसाला लग्नाचं आमंत्रण फोनवर दिलं, तर तो जेवायला येत नाही, आणि न आल्याचं कुणी वाईटही वाटून घेत नाही. मी नारळ, पान, सुपारी काढली. ‘मी जाऊन येते,’ म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, ‘तुया नको. व्हडली भयण मी. आमंत्रण घेऊन मीच जातलंय.’

परवाच्या रविवारी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून गाडीत बसल्या. डिचोली मागे पडेपर्यंत ठीक होत्या. अस्नोड्याला त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

‘तो माका पयला काय विचारतलो?’

‘गुडघा कसा आहे, हेच.’

‘डॉक्टरान ऑपरेशन सांगल्यान म्हणून सांगू?’

‘सांगा की.’

‘मगे तेका झोप येवची नाय. घरात एकटो. माका काय झाला तर, म्हणून रात्रभर बसतलो.’

‘तर मग सांगू नका. बरा आहे म्हणा.’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्न होऊन आजच घरात आलेय. ‘तेच्याकडे खोटा टिकता खंय?’

एक ट्रक गेला, मग पावाची एक सायकल गेली. सासूबाईंनी मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी फिरवला, पदराने पुसला, आणि म्हणाल्या, ‘आज नको. फुडल्या आयताराक.’

मी गाडी वळवली. नारळ घरी आणून देवघरात ठेवला आहे, गाडीत पेट्रोल आहे, येत्या रविवारी दुसरं काहीही ठेवलेलं नाही. पेडण्याला जाऊन मामांना आमंत्रण द्यायचं आहे. अजून दिलेलं नाही.